टाकी धुण्याबाबत

सोसायटीच्या फलकावर बुधवारी सूचना लागली. सर्व सन्माननीय सभासदांस याद्वारे कळविण्यात येते की, व्यवस्थापक समितीच्या सभेतील ठरावास अनुसरून संस्थेच्या भूमिगत व गच्चीवरील जलसंचय टाक्यांची स्वच्छता येत्या शनिवारी करण्याचे योजिले असून, सबब सदर कालावधीत पाणीपुरवठा खंडित राहण्याची शक्यता नाकारता येत नाही. तरी सर्व सभासदांनी याची नोंद घेऊन सहकार्य करावे. खाली सचिवांची सही, सहीवर गोल शिक्का आणि शिक्क्याखाली जावक क्रमांक.

सभासदांनी नोंद घेतली. पाणी मात्र कोणी भरलं नाही. शनिवारी सकाळी साडेआठला तिसऱ्या मजल्यावरचे एक काका डोळ्याला साबण लागलेल्या अवस्थेत सचिवांच्या नावाने ओरडू लागले आणि मग इमारतीतल्या बाकीच्या न्हाणीघरांतूनही तसाच आवाज उठला. आंघोळी झाल्या फक्त चार घरांत. रात्रपाळीच्या वॉचमनने शुक्रवारी गेट लावताना ज्या चार घरांना गाठून सांगितलं होतं, "उद्या पानी न्हाई, भरून ठेवा", ती ही चार घरं.

सचिव सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. फलकाकडे बोट दाखवून ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, "लेखी कळवलं होतं की!" त्यांचं चुकलं काहीच नव्हतं. वार होता, ठराव होता, सही होती. त्या मजकुरात 'बादली' हा शब्द तेवढा नव्हता. 'सहकार्य' म्हणजे बादली, हे ज्याचं त्याने ओळखायचं होतं.

हा मजकूर मराठीच आहे, पण तो घरात कोणी बोलत नाही. "अगं, भाजी आणण्याचे योजिले आहे" असं म्हणून पिशवी घेऊन निघालेला नवरा अजून कोणाच्या पाहण्यात नाही. ही बोली हातात लेखणी आणि समोर कोरा कागद आला की अंगात येते. सातवीतल्या मुलाला मुख्याध्यापकांना अर्ज लिहायला सांगा. 'पोटात दुखत होतं म्हणून काल आलो नाही' हे त्याच्या पोटात असतं. कागदावर उतरतं ते 'प्रकृती अस्वास्थ्यामुळे अनुपस्थित राहिल्याबाबत'.

या 'बाबत'वर थोडं थांबलं पाहिजे. मराठी पत्राला विषय असतो आणि तो विषय 'बाबत'वर येऊन टेकतो. नळाला पाणी येत नाही ही तक्रार. तिचा विषय : पाणीपुरवठा सुरळीत होणेबाबत. रस्त्यावर खड्डा आहे, काल त्यात स्कूटर गेली. विषय : रस्ता दुरुस्ती मिळणेबाबत. रस्ता दुरुस्ती ही काउंटरवरून मिळते, असं वाटावं. 'बाबत'ची गंमत अशी की तो वाक्य पुरं होऊच देत नाही. पाणी येत नाही, हे वाक्य आहे. ते खरं असतं किंवा खोटं असतं, त्याला कोणाला तरी उत्तर द्यावं लागतं. 'सुरळीत होणेबाबत' हे वाक्यच नव्हे, त्यामुळे त्याला उत्तर देण्याचा प्रश्न येत नाही. त्याला फक्त आवक क्रमांक देता येतो.

लोकमान्य टिळकांनी जुलै १८९७ मध्ये 'केसरी'त अग्रलेख लिहिला, त्याचा मथळा होता 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' पाच शब्द आणि एक प्रश्नचिन्ह. सव्वाशे वर्षांनी तो ऐकलेला नाही असा मराठी वाचक विरळा. हाच मजकूर आजच्या एखाद्या संघटनेने निवेदन म्हणून दिला असता, तर 'विषय : शासनाचे डोके ठिकाणावर असणेबाबत' असं लिहून, दोन प्रतींत, तहसीलदारांकडे पोच घेतली असती. त्याच महिन्यात टिळकांना 'केसरी'तल्याच दुसऱ्या मजकुरासाठी राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली आणि पुढे दीड वर्षाची शिक्षा. 'बाबत' लिहिणाऱ्याला आजवर कोणी अटक केल्याचं ऐकिवात नाही. या भाषेचं सगळं बळ बहुधा यातच आहे.

मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, ही या मंडळींना व्याकरणाने दिलेली देणगी. वाचणारा वाक्याच्या तोंडाशी उभा राहतो. अन्वये, अनुषंगाने, अनुसरून, अधीन राहून असे चार भालदार-चोपदार पुढून जातात. आणि तो दमून भिंतीला टेकल्यावर पालखीतून क्रियापद उतरतं : 'करण्यात येत आहे'. कोण करतंय, ते नाही. कर्ता मधल्या गर्दीत सटकलेला असतो. 'पाणीपुरवठा खंडित राहण्याची शक्यता नाकारता येत नाही' या वाक्यात तर पाणी बंद करणाराही दिसत नाही आणि शक्यता नाकारू पाहणाराही. रेल्वे स्थानकावर 'तांत्रिक कारणास्तव' गाडी उशिरा येते ती याच घराण्यातली. तिला ना मोटरमन जबाबदार ना सिग्नल; कारणास्तव ती आपली आपण उशिरा होते.

कर्ता लपवण्याची ही कला शासन निर्णयात, म्हणजे ज्याला सगळे 'जीआर' म्हणतात त्यात, कळसाला पोचते. वर शासनाचं नाव, मग 'वाचा' या शब्दाखाली जुन्या निर्णयांची यादी, जी कोणी वाचत नाही. मग प्रस्तावना, मग निर्णय, आणि शेवटी ठरलेली ओळ, 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने'. ही ओळ हौसेची नाही. राज्य सरकारची कार्यकारी कामं राज्यपालांच्या नावाने व्यक्त व्हावीत, असं राज्यघटनेचं १६६ वं कलमच सांगतं. त्यामुळे शिपायांना गणवेश शिवून द्यायचे असले तरी कागदावर तो आदेश राज्यपालांच्याच नावाने निघतो. त्या खाकी कापडाचा वार त्यांना विचारायला कोणी जात नाही, हे सुदैव.

जीआर निदान बाहेर येऊन वाचता तरी येतो. फाइलीच्या आत, शुद्ध मराठीत नस्तीच्या आत, जी शेरेबाजी चालते तिच्यात शब्द आणखी कमी आणि अर्थ आणखी पातळ. 'अवलोकनार्थ सादर.' 'आदेशार्थ सादर.' 'तपासून सादर करा.' 'चर्चा करा.' यातला 'चर्चा करा' हा शेरा वरवर पाहता बोलावणं आहे, प्रत्यक्षात निरोप आहे. आणि या सगळ्यांचा राजा म्हणजे 'नियमानुसार कार्यवाही करावी'. तीन शब्द, मान्यता नाही, नकार नाही, तारीख नाही. खालच्याने केलं आणि बरं झालं तर आदेश वरून होता. बिघडलं तर नियम पाहायला सांगितलेच होते.

या चिंध्यांच्या गाठोड्यात एक मोतीही आहे : 'निरंक'. माहितीच्या अधिकारात कोणी पानभर प्रश्न विचारले की कायद्याप्रमाणे तीस दिवसांच्या आत उत्तर द्यावं लागतं, आणि ते कधी कधी या तीन अक्षरांचं असतं. काही नाही, शून्य, भोपळा. इतकं स्वच्छ, इतकं थंड उत्तर दुसऱ्या कुठल्या शब्दात देता येईल? अर्जदार चिडतो, पण 'निरंक' म्हणजे काय, हे त्याला लगेच कळतं.

म्हणजे दोष अवघड शब्दांचा नाही. उगाच भाषा संचालनालयाच्या कोशांवर खापर फोडलं जातं. १९६० साली राज्य झालं, त्याच वर्षी हे संचालनालय आलं; १९६४ चा राजभाषा अधिनियम पुढच्या वर्षापासून लागू झाला; आणि इंग्रजीत चाललेला सगळा कारभार मराठीत आणायचा तर पदांना, खात्यांना, कागदांना नावं लागणारच होती. लिफ्टचं 'उद्वाहन' झालं, त्याला लोक हसले आणि लिफ्टनेच वर गेले. पण सावरकरांनी रूढ केलेले 'महापौर' आणि 'दिनांक' हे शब्दही एकेकाळी नवेच होते. आज महापौरांना कोणी बिचकत नाही, निदान त्या शब्दामुळे तरी नाही. शब्द चालतो की नाही ते लोक ठरवतात. वाक्य चालतं की नाही ते लिहिणाऱ्याच्या हातात असतं, आणि तो हात थरथरतो तो भीतीने.

भीती खरी असते. नारायणराव पेशव्यांचा ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात खून झाला. त्याची आख्यायिका महाराष्ट्रात शेंबड्या पोरालाही ठाऊक असते : राघोबादादांनी पत्रात 'धरावे' लिहिलं आणि आनंदीबाईंनी 'ध'चा 'मा' केला. इतिहास काय म्हणतो ते बाजूला ठेवू. पण कारकुनाच्या नजरेने पाहिलं तर राघोबादादांची चूक उघड आहे. त्यांनी स्पष्ट लिहिलं. क्रियापद एकच, तेही तीन अक्षरी, एका अक्षराच्या फेरफारात फासावर नेणारं. त्यांनी 'नारायणरावांबाबत नियमानुसार उचित कार्यवाही करण्यात यावी' असं लिहिलं असतं, तर आनंदीबाईंनी हवी ती अक्षरं बदलली असती तरी अर्थात तसूभर फरक पडला नसता, आणि रामशास्त्री प्रभुण्यांना देहान्त प्रायश्चित्त सोडाच, साधी कारणे दाखवा नोटीस काढणंही जड गेलं असतं.

आता याच भाषेतला आणि याच भूमीवरचा दुसरा कागद पाहा. सतराव्या शतकाच्या सत्तरीत शिवाजी महाराजांचं एक पत्र चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदारांना, हवालदारांना आणि कारकुनांना गेलं. विषय म्हटला तर वैरणीचा. पावसाळा यायचा होता, घोडदळ छावणीला होतं. पत्राचा आशय असा : दाणागवताचा साठा केला आहे म्हणून आत्ताच मन मानेल तसा उडवाल, तर ऐन पावसात काही उरणार नाही, घोडी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असं होईल. मग तुम्ही जाल कुणब्यांच्या घरी, कोणाचा दाणा आणाल, कोणाची भाकर, कोणाचं गवत, कोणाचा भाजीपाला. आणि ती गरीब माणसं म्हणतील, यांच्यापेक्षा मोगल बरे. पुढे याहून बारीक गोष्ट येते. कोणी गवताशेजारी चूल पेटवेल, कोणी तंबाखू ओढायला विस्तव घेईल, कोणी रात्री दिवा तसाच ठेवील. आणि उंदीर येऊन ती जळती वात घेऊन जाईल. गवताला आग लागली की सगळं संपलं. मग कोणाच्या माना मारल्या तरी काडी मिळायची नाही.

उंदीर! राज्य चालवणारा माणूस, दाराशी मोगल, विजापूरकर, सिद्दी, आणि पत्रात लिहितोय की उंदीर वात पळवेल. हा उंदीर या पत्राचा खरा वकील आहे. 'आगीपासून काळजी घ्यावी' असं लिहिलं असतं तर हवालदाराने मान डोलावून चिलीम पेटवली असती. वात तोंडात धरून गंजीकडे धावणारा उंदीर एकदा डोळ्यांपुढे आला की माणूस झोपण्यापूर्वी उठून दिवा विझवतो. शिवाय पत्रात कर्ता लपलेला नाही. तुम्ही उडवाल, तुम्ही जाल, दोष तुमचा. आज हेच पत्र 'मूषकजन्य अग्निदुर्घटना टाळण्यासाठी प्रतिबंधात्मक उपाययोजना राबविणेबाबत' या नावाने निघेल, त्यासोबत विहित नमुना जोडलेला असेल, आणि छावणीतून दर महिन्याच्या पाच तारखेला अहवाल येईल : उंदीर निरंक.

त्याच काळातला आणखी एक जाणकार म्हणजे समर्थ रामदास. 'दासबोधा'च्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लिहिण्याच्या कामावर आहे. अक्षर कसं असावं, ओळी कशा धराव्यात, सगळं तपशिलात. पानाभोवती कोरी जागा सोडा, म्हणजे कडा झडल्या तरी अक्षर जाणार नाही, हेही त्यात आहे. त्या कोऱ्या जागेला मराठीत समास म्हणतात, दासबोधाच्या प्रकरणाला समास म्हणतात, आणि दोन शब्द जोडून एक केला की व्याकरणात त्यालाही समासच म्हणतात. रामदासांनी पहिला समास सोडायला सांगितला. आपल्या कचेऱ्यांनी तो काटेकोर सोडला आणि उरलेल्या कागदावर तिसरा ठासून भरला.

सरकारला साधं लिहिताच येत नाही, असं म्हणणं मात्र अन्याय होईल. एकाच कामाची दोन नावं घ्या. कागदावर त्याचं नाव 'एकात्मिक पाणलोट क्षेत्र विकास कार्यक्रम'. भिंतीवर त्याचं नाव 'पाणी अडवा, पाणी जिरवा'. सुधाकरराव नाईक १९९१ ते १९९३ या काळात मुख्यमंत्री होते, तेव्हा जलसंधारणाच्या कामाबरोबर ही घोषणा गावोगाव गेली. शब्द चार, त्यातला एक दोनदा आलेला. पाणी शेतकऱ्याच्या ओळखीचं, अडवणं आणि जिरवणं ही कामं त्याच्या हाताची. त्यात 'जिरवणे' या क्रियापदाला गावकीत दुसराही अर्थ आहे, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत तो जास्त चालतो. त्यामुळे चावडीवर या घोषणेचे विनोद झाले, आणि ज्या घोषणेवर विनोद होतात ती पाठ होते. पाणलोट क्षेत्रावर विनोद केल्याचं कोणाला आठवतं का?

एसटीचंही तसंच. १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर पहिली गाडी धावली, तेव्हापासून या संस्थेने कागद थोडे काढले नसतील. पण लक्षात राहिलं ते 'हात दाखवा, बस थांबवा'. प्रवाशाने काय करायचं आणि त्याने काय होईल, दोन्ही एका दमात. बस थांबतेच असं नाही, पण तो दोष वाक्याचा नव्हे.

जुन्या लग्नपत्रिकांचा विषय काढल्याशिवाय हा लेख पुढे जाऊ शकत नाही. 'आमचे येथे श्रीकृपेकरून' अशी सोज्वळ सुरुवात करून आपल्या आजोबा-पणजोबांच्या पत्रिका दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत सरळ सांगत की चिरंजीव अमुक आणि चि. सौ. कां. तमुक यांचा 'शरीरसंबंध' करण्याचे योजिले आहे. खाली घरातल्या सगळ्या वडीलधाऱ्यांची नावं, आणि तरी आपण अगत्य येण्याचे करावे ही विनंती. कोणाला त्यात वावगं वाटलं नाही, कारण कोणी ते वाचलंच नव्हतं. डोळे गेले ते थेट तारीख आणि कार्यालयाच्या पत्त्याकडे. ठरावीक शब्दांचं हे असं होतं. जमिनीच्या खरेदीखतात आजही कुठे कुठे जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह विक्री होते. निधी-निक्षेप म्हणजे पुरलेला खजिना. भाव दर चौरस फुटाचा करायचा आणि खजिना फुकट द्यायचा, एवढं औदार्य फक्त दस्तऐवजाच्या भाषेतच शक्य आहे.

या सगळ्या धुक्याला उतारा म्हणून पुण्याकडे बोट दाखवण्याची रीत आहे. पुणेरी पाटीत कर्ता असतो, कर्म असतं, क्रियापद असतं आणि वाचणाऱ्याची लायकीही असते. 'पत्ता विचारण्यासाठी बेल वाजवू नये.' 'येथे वाहन लावल्यास हवा सोडण्यात येईल.' पाटी नीट वाचली तर तिच्यात मागचं भांडण दिसतं. कोणीतरी आधी बेल वाजवलेली असते, तीही दुपारी दोनला. दुपारी एक ते चार बंद राहण्यावरून चितळे बंधूंवर इतके विनोद झाले की २०१७ मध्ये त्यांनी दुपारीही दुकान उघडं ठेवायचं ठरवलं तेव्हा त्याची बातमी झाली. मिठाईचं दुकान दुपारी उघडं राहणं ही बातमी होऊ शकते, यावरून आधीची सूचना किती पक्की पोचली होती ते कळावं.

तरीही पाटीचा खरा विजय होतो असं मानायला पुरावा कमी आहे. ती पोचते, पटते असं नाही. 'येथे थुंकू नये' या तीन शब्दांत न समजण्यासारखं काय आहे? तरी जिन्याच्या कोपऱ्यात नेमक्या त्या अक्षरांवरच पानाचा रंग चढलेला असतो, जणू 'येथे' हा शब्द तेवढा वाचून पुढचं सोडून दिलं. मुंबईतल्या कितीतरी इमारतींनी शेवटी शब्दांचा नाद सोडला आणि कोपऱ्या-कोपऱ्यात देवादिकांच्या फरशा बसवल्या. गणपती, साईबाबा, क्रूस, मक्का, सगळे एका रांगेत, गुडघ्याच्या उंचीवर. तिथे लेखन संपलं आणि भिंत स्वच्छ राहिली. लिहिणाऱ्यांनी यावर फार विचार न केलेला बरा.

मराठी दुकानदाराची जात याहून हुशार. 'आज रोख, उद्या उधार' ही पाटी नकार देते, पण तोंडावर नाही. तीत आशा आहे, सौजन्य आहे, आणि तारीख मुद्दाम घातलेली नाही. उद्या गेलात तरी पाटी तीच सांगते. इतक्या कमी शब्दांत गिऱ्हाइकाला हसवून परत पाठवणारं लेखन साहित्य संमेलनातही दुर्मिळ.

सोसायटीच्या सचिवांनी हे सगळं मनावर घेतलं असावं. पुढच्या वेळी टाकी धुवायची ठरली तेव्हा त्यांनी ठराव, सबब आणि सदर यांना फाटा दिला, वॉचमनला बोलावून मजकूर त्याच्याकडून वदवून घेतला आणि जाड मार्करने लिफ्टशेजारी चिकटवला : 'उद्या पाणी नाही. भरून ठेवा.' दुसऱ्या दिवशी झाडून सगळ्या घरांत बादल्या, पिंपं, कुकर, पातेली तुडुंब भरलेली होती. काकांची आंघोळ सहा वाजताच आटोपली होती.

कागदावर दिनांक टाकायचा मात्र राहून गेला. टाकी धुऊन दीड महिना झाला, तो कागद अजून लिफ्टशेजारी आहे, आणि दुसऱ्या मजल्यावर नव्याने राहायला आलेलं जोडपं रोज रात्री न चुकता पाणी भरून ठेवतं.